चकाचक कारखाना कुणासाठी?

मसाल्याच्या, फरसाणाच्या किंवा शेंगदाणा चटणीच्या बऱ्यापैकी चालणाऱ्या कारखान्यात हल्ली आत शिरताच भिंतीवर 'फाइव्ह एस'चा फलक भेटतो. कामाची जागा नीट ठेवण्याच्या पाच जपानी पायऱ्या: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. खाली मराठीत: निवडा, मांडा, झाडा, ठरवा, पाळा. शेजारी आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो. आधीच्या फोटोत गंजलेलं टेबल, फाटकी पोती, कोपऱ्यात वर्षानुवर्षं बंद पडलेला पल्व्हरायझर. नंतरच्या फोटोत तीच जागा मोकळी, जमिनीवर पिवळे पट्टे, भिंतीवर नट-बोल्टचे पाने आणि ब्रश आपापल्या रंगवलेल्या आकृतीवर टांगलेले. मालक अभिमानानं दाखवतो आणि त्याचा अभिमान खोटा नसतो. अशा जागेत काम करणं खरंच सोपं जातं.

फलकाबद्दल माझी तक्रार नाही. या दोन फोटोंवरून 'इथे अन्न सुरक्षित बनतं' असा निष्कर्ष मालक काढतो, सल्लागार काढतो, माल उचलणारी मोठी साखळी दुकानं काढतात आणि आता सरकारी योजनाही त्याच वाटेनं निघाल्या आहेत. तक्रार आहे ती याबद्दल. खाद्यकारखान्यातली मांडणी आणि झाडलोट कशी असावी, हे डोळ्यांना काय बरं दिसतं यावरून ठरवता येत नाही. आपल्या मालात काय बिघडू शकतं, कोणत्या टप्प्यावर बिघडू शकतं, हे आधी कागदावर यायला हवं. मग प्रत्येक 'एस'नं त्या कागदाला विचारून पाऊल टाकायला हवं. आपल्याकडे आधी पट्टे मारले जातात आणि धोक्यांचा कागद लायसन्सच्या फाइलसाठी नंतर कुणाकडून तरी लिहून घेतला जातो. या उलट्या क्रमाला आता सार्वजनिक पैसा मिळू लागला आहे, म्हणून हा विषय कारखान्याच्या फाटकाआड ठेवून चालणार नाही.

हे असं का झालं ते समजण्यासारखं आहे. 'लीन' (कामातला अपव्यय काढून टाकण्याची रीत) आणि 'फाइव्ह एस' ही पद्धत जपानच्या वाहन उद्योगात वाढली आणि महाराष्ट्रात ती भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज इथल्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतून रुजली. मोठ्या वाहन कंपन्यांनी पुरवठादारांकडे आग्रह धरला आणि एक अख्खी पिढी त्यात तयार झाली. ही पिढी आता सल्लागार म्हणून खाद्यकारखान्यात येते. माणसं हुशार असतात, कामाला वाघ असतात. पण त्यांचा शत्रू वेगळा. मशीन शॉपमध्ये जमिनीवर सांडलेलं तेल हा गुन्हा. पाणी मारलं, पुसलं, प्रश्न मिटला. मसाल्याच्या कारखान्यात पाणी मारलं की प्रश्न सुरू होतो.

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळा वाद या एका मुद्द्यावर उभा आहे. मिरची पावडर, हळद, बेसन, भाजलेले दाणे हे सगळे कोरडे पदार्थ. त्यांच्यात जंतूंना वाढायला लागतं तेवढं मोकळं पाणी नसतं. सालमोनेला या आजार पसरवणाऱ्या जंतूला वाढायला जलक्रिया, म्हणजे मोकळ्या पाण्याचं माप, साधारण ०.९४ च्या आसपास लागते. वाळलेल्या मसाल्यात ती ०.६ किंवा त्याहून कमी असते. म्हणजे जंतू वाढत नाही. पण मरतही नाही. कोरड्या अवस्थेत तो महिनोन् महिने तग धरतो आणि वर त्याची उष्णता सोसण्याची ताकदही वाढते. शेंगदाण्यासारख्या तेलकट पदार्थात तर जठरातल्या आम्लापासून तेल त्याचं रक्षण करतं, त्यामुळे मोजके जंतूही माणसाला आजारी पाडायला पुरतात. अशा जागेत स्वच्छतेचा पहिला नियम एकच: पाणी आत आणायचं नाही. झाडायचं, खरवडायचं, व्हॅक्युमनं ओढायचं, कोरड्या फडक्यानं पुसायचं, गरज पडली तर अल्कोहोलनं पुसायचं.

आणि प्रत्यक्षात काय होतं? मी पाहिलेल्या एका मसाला कारखान्यात 'फाइव्ह एस' लागू झाल्यावर दर शनिवारी दुपारी उत्पादन बंद ठेवून 'शाइन'चा, म्हणजे झाडलोटीच्या तिसऱ्या 'एस'चा, कार्यक्रम असे. एक पोरगा पाइप घेऊन चाळणीच्या चौथऱ्यापासून दळणाच्या खोलीपर्यंत सगळं धुऊन काढायचा. लाल पाणी नाल्याकडे वाहायचं, लादी आरशासारखी व्हायची, फोटो निघायचा. यंत्राच्या पायाखाली, फरशीच्या भेगेत, पत्र्याच्या दुहेरी घडीत मात्र मिरचीचा ओला लगदा रविवारभर तसाच राहायचा. सोमवारी त्यावर पुन्हा कोरडी पावडर बसली की वरून काही दिसत नाही. शुक्रवारी हा कारखाना मळका होता आणि तुलनेनं निर्धोक होता. शनिवारी तो देखणा आणि धोक्याचा झाला. पोरगा बिचारा सांगितलेलं काम मन लावून करत होता.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ब्लेकली इथे पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीचा दाणे भाजून त्याची पेस्ट बनवण्याचा कारखाना होता. २००८-०९ मध्ये तिथल्या मालातून सालमोनेला पसरला. ४६ राज्यांत ७१४ जण आजारी पडल्याची नोंद झाली, ९ मृत्यू त्याच्याशी जोडले गेले. छत गळत होतं, कच्चे आणि भाजलेले दाणे एकमेकांपासून नीट वेगळे नव्हते. तपासणीत दोष सापडलेला मालही कंपनीनं जाणूनबुजून विकला; त्यासाठी मालकाला २०१५ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे तिथे निव्वळ अस्वच्छता नव्हती, लबाडी होती. पण आपल्या विषयाला लागू पडणारी बाब दुसरीच आहे. साथ पसरायच्या काही महिने आधीच बाहेरच्या एका ऑडिट संस्थेनं याच कारखान्याला 'सुपीरियर' असा शेरा दिला होता. ऑडिटची तारीख आगाऊ कळवलेली होती आणि ऑडिटचे पैसे कंपनीच देत होती. तारीख कळली की काय काय कुठल्या शेडमध्ये हलवलं जातं, हे एमआयडीसीत चार वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा.

ज्या जपानकडून आपण हे शिकलो, त्याला हा धडा आपल्याही आधी मिळाला आहे. जून २००० मध्ये ओसाका परिसरात स्नो ब्रँड कंपनीचं दूध पिऊन १३ हजारांहून जास्त लोक आजारी पडले. आधी संशय आला ओसाकाच्या कारखान्यातल्या एका झडपेवर. ती ठरल्याप्रमाणे उघडून धुतली जात नव्हती हे उघड झालं. खरं मूळ मात्र शेकडो किलोमीटर दूर, होक्काइदोमधल्या ताइकी कारखान्यात निघालं. त्या वर्षी मार्चच्या शेवटी तिथली वीज काही तास गेली, दूध कोमट अवस्थेत तसंच थांबून राहिलं, त्यात स्टॅफिलोकोकस हा जंतू वाढला आणि त्यानं विष सोडलं. त्या दुधाची पावडर झाली. जंतूंची संख्या मर्यादेबाहेर गेलेली पावडर फेकण्याऐवजी पुन्हा विरघळवून नव्या लॉटमध्ये वापरली गेली. जंतू उष्णतेनं मेले, विष मात्र टिकलं, कारण ते तापवून जात नाही. फरशी कितीही घासली असती तरी हे थांबलं नसतं. थांबवू शकला असता तो एक आधीच लिहून ठेवलेला निर्णय: वीज गेली आणि दूध अमुक तापमानाला अमुक वेळ राहिलं तर ते ओतून द्यायचं, कुणालाही न विचारता.

जपानी खाद्य उद्योगानं पुढे स्वतःसाठी पाचाचे सात 'एस' केले. धुणं आणि जंतू मारणं या दोन पायऱ्या त्यांनी झाडलोटीपासून वेगळ्या काढल्या. सेइकेत्सु हे त्या मांडणीत साध्य आहे आणि तिथे त्याचा अर्थ जंतूंच्या पातळीवरची स्वच्छता असा घेतला जातो. २०१८ मध्ये कायदा बदलून त्यांनी हॅसेप, म्हणजे धोक्यांचं विश्लेषण करून निर्णायक टप्प्यांवर ताबा ठेवण्याची पद्धत, सगळ्या खाद्यव्यवसायांना बंधनकारक केली. जून २०२१ पासून तिची पूर्ण अंमलबजावणी आहे. ही पद्धत मुळात १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या जेवणासाठी पिल्सबरी कंपनी, नासा आणि अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेनं मिळून घडवली. अवकाशात जुलाब झाले तर काय, हा प्रश्न होता! तयार माल तपासून सुरक्षितता सिद्ध करायची तर जवळजवळ सगळा मालच चाचणीत संपतो, हे त्यांना कळलं आणि त्यांनी तपासणीचा भर बनवण्याच्या टप्प्यांवर नेला. आपण जपानकडून १९८०-९० च्या दशकातले पाच 'एस' घेतले आणि त्यांनी नंतर केलेली दुरुस्ती घ्यायची राहून गेली.

लहानसहान गोष्टींतही हा फरक ठायी ठायी दिसतो. जमिनीवरचे पिवळे पट्टे चिकटपट्टीचे असतात, कारण ती स्वस्त पडते आणि एका दुपारी लावून होते. पंधरवड्यात ट्रॉलीच्या चाकांनी तिच्या कडा उचकटतात, खाली बेसन साचतं आणि पिवळे तुकडे कधी ना कधी मालात जातात. भोकाभोकांचा बोर्ड मशीन शॉपमध्ये उत्तम; पिठाच्या कारखान्यात त्या भोकांत पीठ साचून किडे होतात. सूचना फलकावर टाचण्या, स्टेपलच्या पिना, मार्करची टोपणं, सुटी चुंबकं, सगळं फरसाणाच्या उघड्या हौदापासून हातभर अंतरावर. हवेच्या गननं मशीन साफ करणं हा आणखी एक वाहन उद्योगाचा वारसा. दाण्याचा कूट एका मशीनवरून उडतो आणि 'शेंगदाणा नाही' असं छापलेल्या दुसऱ्या मालावर अलगद बसतो. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार शेंगदाणा, दूध, सोया, गहू अशा ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची नावं पाकिटावर द्यावी लागतात. पाकिटावर काय छापायचं हे ऑफिसात ठरतं आणि पाकिटात काय जातं हे त्या एअर गनवर.

यातलं काहीच महाग नाही. पट्टा चिकटवण्याऐवजी रंगवायचा. बोर्डाऐवजी स्टीलचा गज आणि हूक. नाल्याचा ब्रश, जमिनीचा ब्रश आणि मालाला लागणारा ब्रश यांचे रंग वेगळे, आणि ते वेगवेगळ्या भिंतींवर टांगलेले. शॅडो बोर्डावर, म्हणजे त्या रंगवलेल्या आकृत्यांवर, तिन्ही शेजारी शेजारी टांगून फोटो छान येतो, हे खरंय. पण बोर्ड बनवणाऱ्याला 'हा ब्रश कशाला लागतो?' एवढा प्रश्न विचारायला कुणीतरी हवं असतं, आणि तो विचारणारा माणूस सल्लागारांच्या चमूत बहुतेक वेळा नसतो.

याहून अवघड जागा पुढे आहे. लीनच्या मते साठा म्हणजे वाया गेलेला पैसा, वाट पाहणं म्हणजे वाया गेलेला वेळ. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी सांगितलेल्या अपव्ययाच्या सात प्रकारांत ही दोन्ही आहेत. खाद्यकारखान्यात मात्र काही वेळा मुद्दाम वाट पाहावी लागते. सालमोनेलाच्या नेहमीच्या चाचणीचा निकाल यायला तीन-चार दिवस लागतात. तोवर तो लॉट गोडाऊनमध्ये अडकवून ठेवायचा की डिस्पॅच करायचा? लीन डोक्यात भिनलेला व्यवस्थापक म्हणतो, पाठवा, निकाल वाईट आला तर परत मागवू. दिवाळीच्या आठवड्यात परत मागवलेला चिवडा कुणाच्या पोटातून परत येणार, हे तो सांगत नाही. तसंच घाणा बदलण्याचं. एका मालावरून दुसऱ्या मालावर जायचा वेळ चाळीस मिनिटांवरून पंधरावर आणला की टाळ्या पडतात. त्या चाळीस मिनिटांतली वीस मिनिटं हॉपर (यंत्रात माल ओतायचं भांडं) उघडून आतून पुसण्याची असतील तर काय कमी केलं ते पाहायला हवं. चुऱ्याचं तर विचारूच नका. शेवेचा, पापडीचा चुरा पुढच्या मिक्समध्ये जाणं हा धंद्याचा रिवाज आहे, आणि अपव्यय टाळण्याच्या नावाखाली त्याला आता प्रतिष्ठा मिळते. कोणत्या दिवसाचा, कोणत्या तेलातला, कोणत्या मालाचा चुरा कुठल्या लॉटमध्ये गेला याची नोंद नसेल, तर एका लॉटची तक्रार आल्यावर मागे शोधत जाणं अशक्य होतं. ताइकीतही दुसरं काही झालं नव्हतं. खराब पावडर वाया जाऊ नये म्हणून कुणीतरी ती पुन्हा वापरली.

तळणाच्या तेलाचं उदाहरण मात्र दिलासा देणारं आहे, कारण तिथे दोन्ही विचार जुळू शकतात. वापरलेल्या तेलातली एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापून तयार होणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली तर ते तेल अन्नासाठी वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांनी त्याची नोंदही ठेवायची आहे. हा आकडा कढईशेजारी खडूनं लिहिला, सकाळ-दुपार मीटरनं मोजला आणि मर्यादा गाठताच तेल वेगळ्या रंगाच्या पिंपात ओतायचं ठरवलं, तर ही लीनची दृश्य व्यवस्थाही झाली आणि अन्नसुरक्षाही. कढईवरच्या आचाऱ्याला विचारावं लागत नाही, मालकाच्या मूडवर काही राहत नाही. 'फाइव्ह एस' जिथे धोक्याच्या आकड्याला चिकटतं तिथे ते फार उपयोगी पडतं, हे मला कबूलच आहे. धोक्याचा कागद फाइलमध्ये झोपला असेल, तर त्याला जमिनीवर आणायला याच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. अन्नसुरक्षावाले काही मित्र 'फाइव्ह एस म्हणजे रंगरंगोटी' म्हणून नाक मुरडतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. अडगळ गेली की उंदरांची घरं जातात. फिनेलचा कॅन आणि व्हिनेगरचा कॅन एकाच फळीवर राहत नाहीत. आधी संपणारा माल आधी बाहेर पडतो. अन्नसुरक्षा परवान्याच्या २०११ च्या नियमांतल्या चौथ्या अनुसूचीत स्वच्छतेबद्दल जे सांगितलंय त्यातलं बरंचसं या वाटेनं आपोआप होतं.

आता पाचवा 'एस', पाळण्याचा. सादरीकरणात याला एकच स्लाइड असते आणि तिच्यावर 'शिस्त' लिहिलेलं असतं. शिस्त कुणी पाळायची? पॅकिंगच्या टेबलावर बसणाऱ्या बायकांनी. चिवड्याच्या पाकिटात टिकली निघणं ही या धंद्यातली नेहमीची तक्रार आहे. त्यावर उपाय म्हणून दारावर सुपरवायझर उभा राहून टिकल्या काढायला लावतो, बांगड्यांवरून बोलतो, मंगळसूत्रावरून वाद होतो. ज्या कारखान्यात हा वाद मिटलेला पाहिला तिथे बायकांपैकीच एकीला ते काम दिलं होतं. कपडे बदलायच्या खोलीत आरसा आणि प्रत्येकीला कुलूप लावता येणारा कप्पा होता, आणि मंगळसूत्र बंद गळ्याच्या एप्रनखाली राहील एवढी मुभा होती. बांगड्या ठेवायला सुरक्षित जागा नसेल तर बाई त्या काढेल कशी? 'सेइतोन' म्हणजे वस्तूला जागा. ती जागा पान्याला आधी मिळाली आणि बांगड्यांना मिळालीच नाही.

त्याहून गंभीर गोष्ट आजारपणाची. अन्न हाताळणाऱ्याला जुलाब, उलट्या, हातावर पिकलेली जखम असेल तर त्यानं मालाजवळ येऊ नये, हे नियमात स्पष्ट आहे. रोजंदारीवरच्या, ठेकेदाराच्या कामगाराला घरी थांबण्याचा अर्थ त्या दिवसाचा रोज बुडणं. ईएसआय या कामगार विमा योजनेच्या १९४८ च्या कायद्यानं घातलेली अटही पाहण्यासारखी आहे: आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता सहसा मिळत नाही. साधे जुलाब असतात दोनच दिवसांचे. म्हणजे ज्या दोन दिवसांत बाईनं घरी राहावं असं अन्नसुरक्षेला वाटतं, नेमक्या त्याच दोन दिवसांची जबाबदारी कुणी घेत नाही. ती गोळी घेऊन कामावर येते. आजारपण सांगितलं तर खाडा लागतो, म्हणून सांगत नाही. दारातल्या आरोग्य नोंदवहीत रोज सगळ्यांपुढे 'ठीक' असं एकाच पेनानं लिहिलेलं असतं. तिला शिस्त नाही असं म्हणणाऱ्यानं आधी तो रोज भरून द्यावा. वर्षाला दरडोई चार-पाच दिवसांचा आजारपणाचा रोज हा कुठल्याही मेटल डिटेक्टरपेक्षा स्वस्त अन्नसुरक्षा खर्च आहे, आणि लीनच्या एकाही सादरीकरणात तो मला दिसलेला नाही.

साफसफाईच्या वेळेचंही तेच. पाकिटांच्या नगावर मजुरी असेल तर पुसायला गेलेला वेळ पोटाला चिमटा काढून द्यावा लागतो. शिफ्ट संपल्यावर 'पाच मिनिटं थांबून आवरून जा' असं सांगितलं की ती पाच मिनिटं बिनपगारी असतात आणि तेवढ्याच मोलाची सफाई होते. हॉपर उघडून आतून साफ करायला वीस मिनिटं लागत असतील तर ती वीस मिनिटं उत्पादनाच्या वेळापत्रकात छापलेली हवीत, मजुरीसकट.

इथे लहान कारखानदार म्हणेल, हे सगळं मोठ्यांना परवडतं. मला त्याचं निम्मं म्हणणं पटतं. धोक्यांचं विश्लेषण म्हणजे दोनशे पानांची फाइल आणि इंग्रजी रकाने, असा समज सल्लागारांनीच करून दिला आहे. दहा माणसांच्या चटणीच्या कारखान्यात ते दोन पानांत मावतं. दाणे आले: बुरशी, खडे. भाजले: किती तापमान, किती मिनिटं, जंतू मारणारा टप्पा हाच एक. त्यापुढचं सगळं पुन्हा जंतू लागू न देण्याचं काम. एवढं कळलं की भाजण्याआधीची आणि भाजल्यानंतरची अशी कारखान्याच्या मधोमध एक रेषा पडते. कोणता ब्रश, कोणती चप्पल, कोणता माणूस, कोणती हवा ती रेषा ओलांडू शकते, यावर पाचही 'एस' लागतात. जमिनीवर एकच पट्टा मारायचे पैसे असतील तर तो इथे मारा. बाकीचे नसले तरी चालतील.

आता सरकारकडे. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयानं मार्च २०२३ मध्ये स्पर्धात्मक लीन योजना आणली. तिच्यात सल्ला आणि अंमलबजावणीचा ९० टक्के खर्च सरकार उचलतं. त्याच मंत्रालयाची 'झेड', म्हणजे 'झीरो डिफेक्ट झीरो इफेक्ट' प्रमाणपत्रं आहेतच. अन्न प्रक्रिया मंत्रालय सूक्ष्म अन्नउद्योगांना यंत्रसामग्रीसाठी ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान देतं. परवाना आणि तपासणी आरोग्य मंत्रालयाखालच्या एफएसएसएआयची आणि राज्यात एफडीएची. तासगावच्या बेदाणेवाल्याला किंवा सोलापूरच्या चटणीवाल्याला हे तीन वेगवेगळे दरवाजे आहेत, तीन फाइली आणि तीन सल्लागार. लीनचा सल्लागार पाणी मारा म्हणतो, अन्न सुरक्षा अधिकारी वर्षातून एकदा येऊन पाण्याचा चाचणी अहवाल मागतो, आणि यंत्राचं अनुदान देणारा तर ते यंत्र आतून उघडून साफ करता येतं का हेसुद्धा विचारत नाही. कॅनडात २००८ मध्ये मेपल लीफ कंपनीच्या मांसातून लिस्टेरिया हा जंतू पसरून वीसहून जास्त माणसं दगावली, तेव्हा घाण सापडली ती काप करणाऱ्या यंत्राच्या पोटात, नेहमीची सफाई पोहोचत नाही अशा जागी. आपण सार्वजनिक पैशानं अशी यंत्रं घ्यायला मदत करतोय का, एवढं तरी कुणीतरी पाहायला हवं.

माझी मागणी छोटी आहे. खाद्य उद्योगाला लीन योजनेचा पैसा द्यायचा तर पहिला हप्ता धोक्यांच्या त्या दोन पानांवर द्या, मराठीत लिहिलेल्या, आणि कढईवरच्या माणसाला तोंडपाठ असलेल्या. सल्लागारांच्या चमूत एक अन्नतंत्रज्ञ सक्तीचा करा. राज्यातल्या कृषी विद्यापीठांतून दरवर्षी अशी मुलं बाहेर पडतात आणि त्यातली बरीच औषध कंपन्यांत नाहीतर स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत जातात. यश मोजायला फोटोंऐवजी पृष्ठभागाचे स्वॅब घ्या, चुंबकावर रोज किती लोखंड निघतं ते पाहा, एक पाकीट उचलून त्यातल्या दाण्याचं पोतं कुठलं हे किती वेळात सांगता येतं ते पाहा. आणि शेवटच्या हप्त्याआधीची तपासणी न कळवता जुलैत करा, दमट हवेनं हळदीचे गठ्ठे होत असताना आणि पत्र्यातून कुठे पाणी ठिबकतंय ते दिसत असताना. जानेवारीतली तपासणी मोजू नका.